पांढरी की ठिपक्यांची

"मधली बरी वाटते," तो डोळे मिटूनच म्हणाला. "गार आहे, पण बेतानं." त्यावर दुकानदार असा काही हसला की त्याला डोळे उघडावे लागले. फरशीच्या त्या दुकानात जमिनीवर शेजारी शेजारी तीन पट्ट्या होत्या, आणि गिऱ्हाइकाला बूट-मोजे काढायला लावायचे, डोळे मिटायला लावायचे, मग हाताला धरून एकेका पट्टीवरून चालवायचं, ही त्या दुकानदाराची हौस होती. लोक फरशी डोळ्यांनी निवडतात आणि मग वीस वर्षं पायांना छळतात, असं तो प्रत्येकाला सांगत असणार. डावीकडे लाकडासारखी दिसणारी, उजवीकडे खरबरीत दगडी. आणि मधली त्या दिवशी नव्हतीच. सकाळीच तिच्या फरश्या काढल्या होत्या आणि वर पुठ्ठा अंथरला होता. "साहेब, पुठ्ठा पसंत पडला तुम्हाला," दुकानदार म्हणाला. "मग तर फारच स्वस्तात काम होईल तुमचं." तोही हसला. हसण्यासारखंच होतं. मग बायको डोळे मिटून चालली आणि चालता चालताच म्हणाली, डावी उबदार आहे, हा पुठ्ठा, आणि ही टोचते. तीन पट्ट्या, तीन पावलं, तीन उत्तरं. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी. त्यानं आपल्या पावलांकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच होती, दहा बोटं, अंगठ्यावर बुटानं पडलेला घट्टा. ती त्याचीच होती यात शंका नव्हती. त्यानं पुठ्ठ्यावर पुन्हा एकदा, आता डोळे उघडे ठेवून, पाय घासला. पुठ्ठ्याचा आवाज आला, एवढंच.

नंतर काउंटरपाशी दुकानदार आकडेमोड करू लागला तेव्हा तो अनवाणीच उभा होता, बूट तिकडे पट्ट्यांपाशी राहिले होते. घराचं माप त्यानं स्वतः घेतलं होतं, बायकोच्या शिवणकामाच्या टेपनं, चार दिवस कामावरून परतताना थोडं थोडं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एवढासा सज्जा. दुकानदारानं त्यात दर शंभर फरश्यांमागे दहा जास्तीच्या धरल्या, कोपऱ्यात कापाव्या लागतात म्हणून, आणि जुनी फरशी उखडायचे वेगळे, राडारोडा खाली उतरवायचे वेगळे, कारण घर तिसऱ्या मजल्यावर. तो प्रत्येक आकड्यावर मान हलवत होता. बायको त्याला अगदी खेटून उभी होती. चारचौघांत ती अशी कधी उभी राहत नसे, पण कागदावरचे आकडे नीट दिसावेत म्हणून असेल, असं त्याला वाटलं. राखाडी ठिपक्यांची फरशी त्यांच्या बेतात बसत होती. तीच घ्यायची असं त्याच्या मनात ठरलंही होतं, तेवढ्यात बायकोनं मागच्या भिंतीला टेकवलेली एक पांढरी फरशी दाखवली. साधी, नक्षी नाही, चकाकी नाही. "ही कशी आहे?" दुकानदारानं पेन खाली ठेवलं. स्वतःच्या मालाची निंदा करणारा दुकानदार त्यानं पहिल्यांदाच पाहिला. "ताई, ही घेऊ नका. महाग आहे आणि त्रासाची आहे. एक केस पडला तरी दिसतो हिच्यावर." बायको म्हणाली, "दिसू दे." मग ती जरा बाजूला झाली आणि म्हणाली, चला, बूट घाला.

गेली अठरा वर्षं तो शहराची बस चालवत होता. ड्रायव्हरचं सगळं काम हातांचं आणि डोळ्यांचं, असं प्रवाशांना वाटतं. खरं ते पायाचं असतं. गर्दीच्या वेळी दर मिनिटाला दोनदा उजवा पाय उचलायचा, ठेवायचा, किती दाबला ते पायालाच ठाऊक, डोक्याला विचारायला वेळ नसतो. नवीन पोरांना तो हेच सांगायचा. पाय शहाणा हवा. आता दुकानातून घरी येताना, दुसऱ्याच्या बसमध्ये प्रवासी होऊन बसल्यावर, त्याला पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. म्हणजे ती विसरला नव्हता. फक्त काढून पाहिली नव्हती. सिग्नलला पाय ब्रेकवर ठेवला असं त्याला वाटलं होतं, आणि बस चालतच राहिली. त्यानं खाली पाहिलं तर बूट ब्रेकच्या कडेला अडकला होता. मग जोरात दाबला. बस पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे अर्धी जाऊन थांबली, मागे एक म्हातारी उठता उठता एका विद्यार्थ्याच्या मांडीवर बसली आणि सगळी बस हसली. म्हातारीसुद्धा हसली. रस्ता ओलांडायला एक बाई लहान मुलीला घेऊन फुटपाथवर उभी होती. तिनं अजून पाऊल टाकलं नव्हतं. कंडक्टरनं विचारलं, "काय हो, झोप लागली का?" त्यानं सांगितलं, ब्रेक नरम आहेत. सांगितलं ते सांगितलं, वर डेपोच्या वहीत तशी तक्रारही लिहिली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक त्याला शोधत आला. "ब्रेक ठणठणीत आहेत हो तुमचे. एकदा पाय तपासून घ्या." तो गंमत करत होता. त्यानंही गमतीत त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला तेव्हा भीती वाटायला हवी होती. ती कुठं गेली, हे त्याला आता बसच्या खिडकीशी बसूनही कळेना. त्या मुलीच्या हातातला फुगा कोणत्या रंगाचा होता तेवढं आठवत होतं, पिवळा. आपल्याला काही वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही, असं त्याच्या ध्यानात आलं आणि तेही एखाद्या स्टॉपसारखं मागं गेलं.

साखर पाच वर्षांपूर्वीच निघाली होती. गोळी घेतो, चहा बिनसाखरेचा पितो, संपलं, अशी त्याची समजूत. वडिलांनाही होती. वडील एका गोदामावर पहारेकरी होते आणि थंडीत शेगडीपाशी पाय शेकत बसायचे. एकदा घरात काहीतरी करपल्याचा वास आला, आईनं स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही भांडी उघडून पाहिली, आणि बाहेर वडील निवांत पेपर वाचत होते, टाच शेगडीला टेकलेली. त्या वेळी त्यांनी काय केलं, तर टाच उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली आणि पेपरचं पान उलटलं. "अगं, काही नाही." हे वाक्य त्यांनी पुढे वर्षभर वापरलं. पाय काळा पडेपर्यंत, इस्पितळात पाय काढल्यावरही, अगं काही नाही. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि वडिलांचा त्याला भयंकर राग आला होता. पायाचा नाही, त्या वाक्याचा. माणसानं दुखलं तर दुखलं म्हणावं. दुखतच नसेल तर काय म्हणावं, हा प्रश्न तेव्हा त्याला सुचला नव्हता. आता सुचला होता, पण वडील नव्हते. वडिलांना वर्षभर कामावरून काढलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. पगार येत राहिला. त्याच पगारातून त्याची शेवटची फी भरली गेली होती, हेही खरं.

पुढच्या महिन्यात ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती. त्यात डोळे बघतात, छातीला नळी लावतात, रक्तदाब घेतात. पायांबद्दल कुणी विचारत नाही. मोजे काढायला कुणी लावत नाही. अठरा वर्षांत नाही लावलं. आणि सांगितलं तर काय होतं, तेही त्याला ठाऊक होतं, डेपोतल्या एकाचं तसं झालं तेव्हा त्यानं घरीही सांगितलं होतं. स्टिअरिंगवरून खाली उतरवतात आणि डेपोच्या गेटवर बसवतात, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. पगार एक तृतीयांश कमी. घराचा पहिला हप्ता याच महिन्यात गेला होता. भाड्याच्या खोल्यांमध्ये अर्धं आयुष्य काढून, सहा घरमालकांची तोंडं बघून, चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी हे जुनं का होईना, स्वतःचं घर घेतलं होतं. मागच्या मालकाची फरशी जागोजाग फुटलेली, एका खोलीत पलंगाच्या पायांचे चार खड्डे. बाकी सगळं आहे तसं चालवू, रंगसुद्धा नको, पण जमीन आपली नवीन हवी, असं बायको म्हणाली होती. सहा घरांत तिनं दुसऱ्यांची जमीन पुसली होती. त्यानं हिशेब केला: अजून दोन वर्षं. दोन वर्षं पाय बघून ठेवला, म्हणजे खाली मान घालून बघून ठेवला, की निभतं. पण खाली बघायचं तर पुढे कोण बघणार. ह्या मुद्द्यापाशी तो रोज यायचा आणि रोज दुसऱ्याच कशाचा तरी विचार करू लागायचा.

घर घ्यायचं ठरल्यापासून बायकोला मोठेपणाची हौस आली आहे, असं त्याचं मत बनत चाललं होतं. ती घरबसल्या कपडे दुरुस्त करून द्यायची. पँटची लांबी कमी करणं, झग्याची कंबर घेणं. हात असा की उसवलेलं कुठं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये. आजवर तिच्या टाचण्या साध्या लोखंडी, पुडीतल्या. तीनेक महिन्यांपूर्वी तिनं त्या सगळ्या बाजूला काढल्या आणि रंगीत डोक्याच्या आणल्या, लाल, निळ्या, काचेच्या मण्यांसारख्या. तिप्पट किमतीच्या. "टाचणी ती टाचणी," तो म्हणाला होता, "तिला टोपी कशाला घालायची?" मग एक लोहचुंबक आला. त्याला दोरी बांधून ती रोज दुपारी, तो सकाळपाळी संपवून घरी यायच्या सुमाराला, सगळ्या खोलीभर फिरवायची, कोपऱ्याकोपऱ्यातून, जणू कुत्र्याचं पिल्लू फिरवते आहे. एक टाचणी सांडली तर सांडली, एवढा जीव टाकायचा का, असं त्याला वाटे. महागाच्या आणायच्या आणि मग एकेक वेचत बसायचं. आणि आता ही पांढरी फरशी. शेवटी तिनं तोडगा काढला तो असा, की नवीन शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे फरशीत घालू, मशीन पुढच्या वर्षी बघू. जुनं मशीन चालता चालता अडायचं, तिचा खांदा दुखायचा, त्या मशीनसाठी तिनं चार वर्षं पैसे साठवले होते.

"पांढरी कशाला पण?" तो म्हणाला. "इस्पितळासारखी."

"मला आवडते."

"रोज पुसावी लागेल."

"मी पुसते ना. तुम्हाला कुठं पुसायची आहे?"

"ठिपक्यांची काय वाईट आहे? काही पडलं तरी कळत नाही."

"तेच," बायको म्हणाली, आणि दातात धरलेला दोरा तोडला.

तो चिडला नाही. पूर्वी चिडला असता, पाऊण तास बोलला असता आणि मग दोघं हसलीही असती. आता त्याला फक्त असं वाटलं की कुणीतरी दोन माणसं फरशीवरून वाद घालत आहेत आणि आपण त्यांच्या शेजारच्या खोलीत आहोत. त्यानं पायांत चपला घातल्या, खाली जाऊन पेपर आणला. जिन्यात शेजारच्या आजी त्याला म्हणाल्या, "अरे, एकच चप्पल?" त्यानं खाली पाहिलं. उजवी होती, डावी नव्हती. ती दोन मजले वर, पायरीवर पालथी पडली होती. "घाईत होतो," तो म्हणाला. आजींनी ते खरं मानलं. लोक किती चटकन खरं मानतात, याची त्याला गंमत वाटली, गंमतच म्हणायची.

रविवारी सकाळी दुकानदाराचा फोन आला. पांढरीचा हा एवढाच माल शिल्लक आहे, पुढच्या खेपेला रंगात फरक पडतो, संध्याकाळपर्यंत सांगा. त्यानं नमुन्याला दोन फरश्या दिल्याच होत्या, एक पांढरी, एक ठिपक्यांची. बायको म्हणाली, नव्या घरी जाऊन, तिथल्या उजेडात बघू. दोन्ही फरश्या पिशवीत घालून त्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. घर रिकामं होतं आणि बोललेलं जरा घुमत होतं. खिडकीतून ऊन येऊन फुटक्या फरशीवर आडवं पडलं होतं. बायकोनं उन्हात दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवले, चपला दाराशी काढल्या. त्यानंही काढल्या. मग तिनं पर्समधून एक छोटी डबी काढली आणि दोन्ही फरश्यांवर मूठ मूठ टाचण्या टाकल्या. जुन्या, साध्या, लोखंडी.

"मोजा," ती म्हणाली.

"काय खेळ आहे हा?"

"उभ्या उभ्या मोजा. वाकायचं नाही."

त्यानं मोजल्या. पांढरीवर नऊ. ठिपक्यांच्या फरशीवर चार, मग पाच. "पाच," तो म्हणाला. बायको खाली बसली आणि ठिपक्यांमधून एकेक उचलून तळहातावर ठेवत गेली. अकरा भरल्या.

"मग मी जपून चालेन," तो म्हणाला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की ह्या वाक्याला काहीच कारण नव्हतं. टाचण्यांचा आणि त्याच्या चालण्याचा संबंध तिनं काढला नव्हता.

बायको तळहातावरच्या टाचण्यांकडे बघत होती. "तीन महिन्यांपूर्वी तुम्ही दुपारी झोपला होतात," ती म्हणाली. "पांघरूण घालायला आले, तर टाचेत टाचणी. अशी आत गेलेली, नुसतं डोकं बाहेर. मला वाटलं, ओढली की ओरडाल. म्हणून आधी तोंडावर हात धरला तुमच्या. आणि ओढली. तुम्ही घोरतच होतात. खोलीभर रक्ताचे ठिपके होते. दारापासून पलंगापर्यंत. त्या काळपट फरशीवर मला दिसलेच नाहीत. ओला फडका लाल झाला तेव्हा कळलं. म्हणजे तुम्ही बूट काढल्यापासून ती घेऊनच फिरत होतात."

तो म्हणाला, "अगं, काही..." आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडात तयार होता. वडिलांच्या आवाजात तयार होता. तो त्यानं गिळला. खाली रस्त्यावरून एक बस गेली. कितव्या गिअरमध्ये आहे ते त्याला आवाजावरून कळलं.

"बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. रोज वाटायचं. मग दुकानात तुम्हाला पुठ्ठा गार लागला." तिनं टाचण्या डबीत ओतल्या, झाकण लावलं. "तो माणूस आकडेमोड करत होता ना, तेव्हा मी तुमच्या पायावर पाय देऊन उभी होते. आधी हळूच. मग सगळा भार टाकून. त्यानं सगळ्या घराचा हिशेब केला तेवढा वेळ. तुम्ही मान हलवत होतात."

त्याला ते काउंटर आठवलं, तिचं खेटून उभं राहणं आठवलं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पायावर त्याची बायको उभी होती आणि त्याला ती कागद वाचायला जवळ आली असं वाटलं होतं. काहीतरी त्याच्या छातीच्या खाली हललं. दुखलं असं म्हणता येणार नाही, पण होतं ते तिथं होतं, आणि त्याचंच होतं. पिवळा फुगा त्याला पुन्हा दिसला, आणि ह्या वेळी फुग्याच्या दोरीखालची मुलगीही दिसली. तिच्या एका मोज्याचं इलॅस्टिक सैल होतं. त्याला भीती वाटत होती. पंधरा दिवस उशिरा, पण चांगली ठसठशीत भीती, आणि त्याला भिंतीला धरून खाली बसावं लागलं.

"ब्रेक नरम नव्हते," तो म्हणाला. हे बायकोला समजण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं सिग्नलपासून सगळं सांगितलं. म्हातारी सांगितली, फुगा सांगितला, वहीतली तक्रार सांगितली. सांगून झाल्यावर तिनं पर्समधून दुकानदाराचा तो हिशेबाचा कागद काढला आणि उलटा करून त्याच्यापुढे धरला. पाठीमागे तिचं बारीक अक्षर होतं. त्याचा पगार, पण एक तृतीयांश कमी करून. हप्ता. डॉक्टर. तिची रोजची कामं, आधी होती त्याच्या दीडपट. फरशी, पांढरी. मशीनच्या पुढे काट मारलेली. सगळ्यात खाली उरलेली रक्कम, फार नव्हती, पण शून्याच्या वर होती.

"गेटवर बसलात तरी निघतं," ती म्हणाली. "मी तीनदा मांडून पाहिलं."

"गेटवर," तो म्हणाला. "नंबर लिहायला."

"अक्षर चांगलं आहे तुमचं."

यावर तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला तो त्याला सरळ करता येईना. बायको दुसरीकडे बघत राहिली. तिनं पांढरा नमुना उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"उद्या सांगतो डेपोत," तो म्हणाला.

"उद्या ड्यूटी किती वाजता?"

"साडेपाचला. पहिलीच गाडी."

"मग आज."

तो भिंतीला धरून उभा राहिला. खिशातून फोन काढला. ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाचा नंबर त्याला तोंडपाठ होता, अठरा वर्षांत त्या माणसाला त्यानं रजा सोडून दुसऱ्या कशासाठी कधी फोन केला नव्हता. काय सांगायचं ते त्यानं मनात एकदा म्हणून पाहिलं. मला पायाला काही कळत नाही. वाक्य लहान होतं. फोन लागला आणि पलीकडे घंटी वाजू लागली. एकदा, दोनदा. बायको केव्हा शेजारी येऊन उभी राहिली होती ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "हॅलो, बोला," पलीकडचा आवाज म्हणाला. त्यानं मान खाली घालून पाहिलं. तिचा पाय त्याच्या पायावर होता.